लिहायचं टिओटी, वाचायचं सोस

पापाकुरा, १२ जुलै २००४

चि. विवेक,

आशीर्वाद आहेतच. मुलगा फोनवर येत नाही म्हणून ते परत घेण्याची सोय नसते. काल ऋचाचा फोन आला. मागे तुझा खोकला मला स्वच्छ ऐकू आला, आणि तुझी बायको म्हणते, "तो बाहेर गेलाय, आई." खोकला घरी ठेवून बाहेर जाण्याची ख्राइस्टचर्चची पद्धत असेल. म्हणून पत्र लिहिते. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं.

विमानतळावर तू मला विचारलंस, "आई, ते पत्र तू लिहिलंस का?" तुझ्या सात वर्षांच्या सिद्धीसमोर, ट्रॉलीवर हात ठेवून. मी नाही म्हटलं. तू मान हलवलीस आणि निघून गेलास. तेहतीस वर्षं मी बँकेत लोकांच्या सह्या जुळवल्या. कोण खोटं बोलतंय हे ओळखणारी मी, आणि माझीच तपासणी.

आता शांतपणे विचार कर. तू तुमच्या त्या पुकेको फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी होतास. मार्चमध्ये तू किरिबाटी नावाच्या, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल अशा देशातून आलेला एक गोलकीपर शोधून काढलास. वय एकतीस. देशाकडून खेळला म्हणे. फिजीत बेटांची स्पर्धा झाली, तिथे ह्याने एकाच सामन्यात सोळा गोल खाल्ले, हेही तूच कौतुकाने सांगितलंस. सोळा गोल खाल्लेल्या माणसाला गोलकीपर म्हणून आणणारा क्लब आणि त्याला आपल्या मागच्या अंगणातल्या सुट्या खोलीत, त्या स्लीपआउटमध्ये, ठेवणारा माझा मुलगा, ह्यांत मला तेव्हाच काहीतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं. मी ते बोलून दाखवलं होतं. लपूनछपून काही केलं नाही.

मग जूनमध्ये लीगच्या ऑफिसला कुणीतरी पत्र पाठवलं, की हा माणूस दुसऱ्याच्या कागदांवर खेळतोय. पासपोर्टवर नाव टिओटी, आणि सगळे त्याला हाक मारतात सोस. कामावरचे लोक म्हणतात जॉर्ज. एका माणसाला तीन नावं. त्याचा सख्खा भाऊ फोन करतो तर त्याचं आडनाव वेगळं. देशाचं नाव विचारलं तर 'किरिबास' सांगतो, स्वतःच्या देशाचं नाव धड येत नाही. आणि जन्म विचारला तर म्हणतो 'ख्रिसमस', पासपोर्टवर तर नऊ जून. ज्याने कुणी हे लिहिलं, त्याचे मुद्दे बिनतोड आहेत असं कुठलाही शहाणा माणूस म्हणेल.

लीगने त्याला खेळायला बंदी केली. त्याच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर 'मूळ कागद पाहिला' म्हणून सही तुझी होती, म्हणून तुला सेक्रेटरीपदावरून काढलं. तू ख्राइस्टचर्चची नोकरी घेऊन निघून गेलास. ह्यात माझा काय दोष?

आणि तुमचा तो अध्यक्ष ग्रॅहम, तो म्हणाला ना, की पत्रात 'इम्पर्सोनेशन'चं स्पेलिंग चुकलंय, एका एनच्या जागी दोन घातलेत? त्याला सांग, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडिनच्या हाताखाली शिकलेली माणसं स्पेलिंग चुकत नाहीत. म्हणजे ते पत्र माझं नाही हे सिद्धच होतं. शिवाय दोन एन बरोबरही असू शकतात.

तुझा गोलकीपर अजून मागेच राहतोय. तू गेलास, त्याला घेऊन गेला नाहीस. मला हाक मारताना नावाआधी 'नेई' म्हणतो. "नेई दमयंती, कचऱ्याची पेटी बाहेर ठेवू?" काय नेई? कुठे नेई? चेष्टा करतो की काय, लक्ष ठेवून आहे.

तुझी आई,
दमयंती काशिनाथ कर्णिक

*

पापाकुरा, २६ जुलै २००४

चि. विवेक,

दोन आठवडे झाले. उत्तर नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला, म्हणजे इथल्या वाण्याला, विचारलं, ख्राइस्टचर्चचं पत्र यायला किती दिवस लागतात. तो म्हणाला, "टू डेज, हेमंती." हेमंती म्हणतो मला. दोन वर्षांत ह्या देशात एकाही माणसाने माझं नाव नीट घेतलेलं नाही, ते एक असो.

तुझ्या माणसाचा अहवाल देते. सकाळी पाचला टोमॅटोच्या काचघरात कामाला जातो. तीनला येतो. मग बंदी असूनसुद्धा तासभर बागेच्या भिंतीवर चेंडू मारतो आणि तो परत आला की झेप घेऊन पकडतो. चिखलात लोळलेला असतो. परवा मी खिडकी उघडून विचारलं, "खेळायला मनाई आहे ना तुला?"

"भिंतीशी नाही, नेई दमयंती."

वर हसतो. मी म्हटलं, फिजीला सोळा खाल्लेस म्हणे. तर म्हणाला, "सोळा गेले. बावीस अडवले. ते कुणी मोजत नाही." मला हे उत्तर तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. खऱ्या माणसाला इतकं पटकन सुचत नाही.

नाव पाहा, सोस. आपल्या भाषेत सोस म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. तुला क्लबचा सोस, क्लबला ह्या सोसचा सोस, आणि सोसायचं मी. त्याला मी हे समजावून सांगितलं, की मराठीत तुझं नाव म्हणजे एखाद्या गोष्टीची न संपणारी हाव. तो म्हणाला, "मग बरोबर आहे."

मी त्याला जेवायला घालत नाही, गैरसमज नको. तो शनिवारी किनाऱ्यावर जाऊन काहावाई मासा धरून आणतो आणि माझ्या पायरीवर ठेवतो. ठेवलेला मासा फेकून देणं आपल्या घरात बसत नाही. मी चिंच-लसूण लावून तळते, आणि एकटीने एवढा संपत नाही म्हणून अर्धा त्याच्या दाराशी नेऊन ठेवते. बस एवढंच. काटे असे काढतो की मांजराला काही उरू नये.

आता महत्त्वाचं. त्याला एक पत्र आलंय. पाकीट उघडंच होतं, जवळजवळ. उत्तरेला अल्बनीत जी उन्हाळी लीगची मोठी टीम आहे, तिने त्याला चाचणीसाठी बोलावलंय, शनिवार एकवीस ऑगस्ट. पण खाली अट आहे, चौकशीतून मोकळा झाला असेल तरच. चौकशीची बैठक अकरा ऑगस्टला, क्लबच्याच खोलीत. मी ग्रॅहमला फोन करून सहज विचारलं. तो म्हणाला, एक तर बेटाच्या नोंदणी कार्यालयातून दाखला यायला हवा, त्याला दोन-तीन महिने लागतील, तिथे विमानच कधीतरी जातं. नाहीतर ज्याने तक्रार केली त्याने ती मागे घेतली पाहिजे. "आणि एकतीस वर्षांच्या माणसाला," ग्रॅहम म्हणाला, "पुढच्या वर्षी कोण बोलावतं?"

मी म्हटलं, खऱ्याला भीती कसली? कागद येतील तेव्हा येतील.

तो मात्र अकरा तारखेची वाट बघतोय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने वर्तुळ काढलंय. ते कॅलेंडर मी दिलेलं नाही. स्लीपआउटच्या खिडकीतून दिसतं.

चहा उतू जायला आलाय, तेव्हा पुरे.

आई

*

पापाकुरा, ३ ऑगस्ट २००४

विवेक,

आज लायब्ररीत गेले होते. म्हटलं, ह्या माणसाची मुळं एकदा नीट तपासावीत. तिथल्या मुलीने मोठा ॲटलास काढून दिला. किरिबाटी सापडलं. ठिपके सगळे. उजवीकडे, इतर ठिपक्यांपासून फार लांब, एक मोठा ठिपका. नाव लिहिलंय किरिटिमाटी. त्याच्या पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून हेच नाव आहे. तू झेरॉक्स काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली होतीस तेव्हा मी वाचलं होतं. मला तेव्हाही ते नाव बनावट वाटलं होतं. किरिटी आणि माती, दोन्ही आपल्याकडचे शब्द जोडल्यासारखे.

पानाची झेरॉक्स काढून घरी आणली. तो पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. कागद त्याच्यासमोर धरला.

"कुठे जन्मलास, बोट ठेव."

त्याने त्या लांबच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "इथे. ख्रिसमस."

"सण विचारला नाही मी. गाव विचारलं."

"हेच गाव. ख्रिसमस."

"इथे स्वच्छ लिहिलंय, किरिटिमाटी."

"हो. ख्रिसमस."

मला वाटलं, सापडला. मी म्हटलं, ज्याला स्वतःचं गाव वाचता येत नाही त्याने माझ्या अंगणात राहू नये. तेव्हा त्याने बूट खाली ठेवला, हात पॅंटला पुसला, आणि माझ्या हातातलं पेन मागितलं. त्या नावाखाली एकेक तुकडा करून लिहीत गेला, लहान मुलाला शिकवतात तसा. "आमच्या अक्षरांत एस नाही, नेई दमयंती. मिशनऱ्यांनी आमची भाषा लिहिली तेव्हा ठरलं, टी-आय लिहायचं आणि स म्हणायचं. कि, रि, स, मा, स. म्हणून बघा."

मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. किरिसमास.

विवेक, मी अकरा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये होते. दर डिसेंबरात सिस्टर बर्नडिन आम्हाला पुठ्ठ्याचे पंख लावून स्टेजवर उभं करायची. आणि ख्रिसमस माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेला होता, तो मला ओळखू आला नाही. मी त्याला माती म्हटलं.

मग मी एकेक विचारत गेले. देशाचं नाव? लिहायचं किरिबाटी, वाचायचं किरिबास. त्याचं नाव? "टी-आय-ओ-टी-आय. वाचायचं सोस. म्हणजे जॉर्ज. इंग्रज पाद्र्याचं होतं, आजोबांनी घेतलं." भावाचं आडनाव वेगळं का? कारण त्यांच्यात आडनाव असं नसतंच, कुणी बापाचं नाव लावतो, कुणी आजोबांचं. ह्याने बापाचं लावलं, भावाने आजोबांचं. आपण मध्ये लावतो ते हे शेवटी लावतात, एवढाच फरक.

"आणि नेई म्हणजे काय?"

तो जरा लाजला. "बाईमाणसाच्या नावाआधी लावतात. मानाने. नुसतं नाव घेणं बरं दिसत नाही."

कचऱ्याच्या पेटीपासून माशापर्यंत, पाच महिने हा माणूस मला दमयंतीबाई म्हणत होता.

तू मला हे उच्चाराचं सांगितलं होतंस, मला आठवतंय. "आई, त्यांच्यात वाचतात वेगळं," म्हणाला होतास. मला वाटलं, तू त्याला पाठीशी घालतोयस.

ज्याने ते पत्र लिहिलं त्याला हे माहीत नव्हतं. हे तरी तू मान्य करशील.

आई

*

पापाकुरा, ८ ऑगस्ट २००४

विवेक,

ते पत्र मी लिहिलं.

आता बसला असशील तर पुढे वाच, उभा असशील तरी वाच.

लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. त्या यंत्राने 'इम्पर्सोनेशन'खाली लाल रेघ मारली होती. मी म्हटलं, यंत्र मला शिकवणार? बँकेत पर्सोनेल खात्यात दोन एन असतात, तेहतीस वर्षं तेच डोळ्यांसमोर. हात तसाच चालला.

खाली सही केली व्ही. सबनीस. डी. कर्णिक लिहिलं असतं तर लीगवाल्यांना सेक्रेटरी कर्णिक आठवला असता. तुझ्या सहीचा कागद त्यात अडकलेला आहे हे मला माहीत नव्हतं. एवढं एक मान, बाकी काही मानू नकोस. मला फक्त त्याला घालवायचं होतं.

आता तू म्हणशील, व्ही. म्हणजे कोण? आजोळचं आडनाव सबनीस हे तुला माहीत आहे. पण तुझ्या मामांनी मला सदैव 'ताई'च म्हटलं, म्हणून बाकीचं तुझ्या कानावर आलं नसेल. माझं नाव वासंती. वासंती सबनीस. बावीस वर्षांची होईपर्यंत मी वासंतीच होते. शाळेच्या दाखल्यावर तेच आहे. लग्नात तुझ्या आजीने ताटात तांदूळ पसरले, आणि तुझ्या बाबांनी अंगठीने त्यांत लिहिलं, दमयंती. कुणी मला विचारलं नव्हतं. ताट फिरवून सगळ्यांना दाखवलं, साखर वाटली, आणि तांदूळ डब्यात परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला असेल.

तीन वर्षांनी बँकेत लागले तेव्हा साहेबाने माझा शाळेचा दाखला उचलून धरला. म्हणाला, "बाई, हे प्रमाणपत्र वासंती सबनीसचं. तुम्ही दमयंती कर्णिक. दुसरीचे कागद घेऊन आलात?" सगळं खातं ऐकत होतं. मला कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करावं लागलं की मी मीच आहे. आठ दिवस मी जेवले नव्हते. आणि त्याच बाईने, अडतीस वर्षांनी, त्याच शब्दांत, एका माणसावर तक्रार केली.

का केली, ते आता सांगते. तू म्हणालास तशी मी गोऱ्यांहून जास्त गोरी झालेय म्हणून नाही. जूनच्या सुरुवातीला तू त्याला, बाबा गेल्यापासून जपून ठेवलेला, त्यांचा रेनकोट दिलास. मला विचारलं नाहीस. त्या संध्याकाळी पाऊस होता. मी ओट्याशी उभी होते. फाटक वाजलं, आणि तो कोट आत आला. टोपी डोळ्यांवर, उजवा खांदा थोडा खाली, पाय झटकत. मी गॅस बारीक केला आणि दुसरा कप काढला. कप काढला, विवेक. मग त्याने टोपी मागे केली.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले.

अकरा तारीख तेरवा आहे. तुझ्या फाइलमध्ये ते प्रतिज्ञापत्र आहे, माझ्या व्हिसाच्या वेळी दिलेलं, तू न वाचताच लावून टाकलेलं. ते इथे वेळेत पोचायचं नाही आणि मी ते मागणारही नाही. तू फोन उचलत नाहीस. मी जाते.

आई

*

पापाकुरा, १२ ऑगस्ट २००४

विवेक,

गेले होते. साडी नेसले, कार्डिगन घातलं, बाबांची छत्री घेतली.

क्लबच्या खोलीत लांब टेबल, त्यामागे लीगची तीन माणसं आणि ग्रॅहम. भिंतीवर जुन्या टीमचे फोटो, बिअरचा वास. सोस खुर्चीच्या टोकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर गोलकीपरचे हातमोजे. ते कशाला आणले होते कोण जाणे. मला पाहून उठला आणि स्वतःची खुर्ची दिली. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूने बोलायला आलेय.

मी उभीच राहिले. म्हटलं, तक्रार करणारी व्ही. सबनीस मी आहे आणि मला तक्रार मागे घ्यायची आहे. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला हातमोजे दिसत होते. ते खाली पडले आणि कुणी उचलले नाहीत.

लीगची जी बाई मधोमध बसली होती ती म्हणाली, "पण ग्रॅहम म्हणतो तुम्ही मिसेस दमयंती कर्णिक आहात."

"तीही मीच."

"काही ओळखपत्र?"

मी पासपोर्ट दिला, कर्णिक. शाळेचा दाखला दिला, सबनीस. तिने दोन्ही शेजारी ठेवले. "मॅडम, ही दोन वेगळी नावं आहेत. आडनाव लग्नानंतर बदललं हे समजतं. पण पहिलं नाव?"

"तेही लग्नानंतर बदललं."

"पहिलं नाव? कुणी?"

मी ताटाचं सांगितलं, तांदळाचं सांगितलं. तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मला ती नजर ओळखीची होती. माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचा काही उपयोग होईना. ग्रॅहम घसा खाकरून म्हणाला, "नो ऑफेन्स, पण आम्हाला कसं कळणार की ही बाई सेक्रेटरीची आई म्हणून तक्रार उडवायला आलेली नाही?" मुद्दा बरोबर होता. मीही हाच काढला असता.

मग त्या बाईने कोरा कागद पुढे केला. म्हणाली, तक्रारीतलं पहिलं वाक्य तुम्हाला आठवत असेल, तर लिहा.

मी लिहिलं. ते वाक्य मला झोपेतही येतं आता. तिने माझा कागद मूळ पत्राशेजारी ठेवला, एका शब्दावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या कागदावर त्याच शब्दावर. ग्रॅहमने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ओह, येस. दॅट्स हर."

दोन एन. सगळ्या जगासमोर, माझ्या हातून, पुन्हा. मी लिहिताना बरोबरच लिहितेय असं मला वाटत होतं.

तक्रार मागे घेतली गेली. बंदी उठली. तुझ्यावरचा ठपका काढल्याचं पत्र तुला येईल, ग्रॅहमने तसं कबूल केलंय आणि मी त्याच्याकडून ते लिहून घेतलंय.

येताना मी पुढे आणि सोस मागे, वीस पावलांवर. पाऊस होता. त्याच्याकडे रेनकोट होता, पण तो त्याने घडी करून काखेत धरला होता, घातला नाही. घरी आल्यावर त्याने कोट माझ्या पायरीवर ठेवला, जिथे मासा ठेवतो तिथे, आणि स्लीपआउटचं दार लावून घेतलं.

आज कचऱ्याची पेटी त्याने बाहेर ठेवली. मला विचारलं नाही.

आई

*

पापाकुरा, ३० ऑगस्ट २००४

चि. विवेक,

तुझ्या सोसचं पुढचं ऐक.

चार दिवस तो बोलला नाही. शनिवारी मासा आला नाही. मी डेअरीतून अंडी आणली आणि खाल्ली. रविवारी दुपारी दार वाजलं. दारात उभा. म्हणाला, "दोन नावांतलं खरं कुठलं?"

मी म्हटलं, "तुझी तीन आहेत, तू सांग."

"आईने हाक मारली ते."

मी म्हटलं, वासंती. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. त्याच्या तोंडून ते अगदी बरोबर आलं, त, न, सगळं. बहुधा त्यात टी-आय आहे म्हणून नीट विचारून घेतलं त्याने, इथे स म्हणायचा की ती. मी म्हटलं, इथे ती. मग मी आतून रेनकोट आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो घातला आणि टोपी मागे ठेवली. तेव्हापासून माझ्यासमोर तो टोपी मागेच ठेवतो. त्याला कुणी सांगितलं, तू सांगितलंस?

एकवीसला मी त्याच्याबरोबर अल्बनीला गेले. ट्रेन, मग बस, मग आणखी एक बस. फाटकावर यादी घेऊन एक पोरगा उभा होता, कानात काहीतरी घातलेला. "नाव?" मी म्हटलं, लिहून घे, टी-आय-ओ-टी-आय, पण वाचताना सोस म्हण. तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथलं 'ठीक आहे', आणि चुकीचं लिहिलं. मी त्याच्याकडून खोडून पुन्हा लिहवून घेतलं. मागे रांग लागली होती.

चाळीस मिनिटं खेळवलं त्याला. मला त्यातलं फार कळत नाही, पण ह्या वेळी मी मोजलं. दोन गेले, नऊ अडवले. शेवटी कोच आला, चांगला माणूस वाटला, म्हणून मी त्याच्यावर जरा नजर ठेवली. तो म्हणाला, पहिल्या गोलकीपरची जागा सात तारखेलाच भरली, वाट बघणं शक्य नव्हतं. दुसरा म्हणून घेतो. म्हणजे उन्हाळाभर बाकावर.

सात तारीख. म्हणजे माझ्या त्या पत्राने जे व्हायचं ते झालंच होतं, मी बैठकीत उभी राहायच्या आधीच. बसमध्ये मी त्याला तसं म्हटलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. "बाकावरून मॅच चांगली दिसते, नेई वासंती," म्हणाला. मला दिलासा द्यायला बोलला, हे न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. मी दिलासा घेतला नाही. डब्यातली भाकरी मात्र दोघांनी खाल्ली.

आता तुझं.

परवा पोस्टमन एक पाकीट हातात घेऊन फाटकाशी उभा होता. मी मागे कपडे वाळत घालत होते. त्याचं म्हणणं ऐकू आलं, की ह्या घरात ह्या नावाचं कुणी नाही, परत पाठवतो. सोस म्हणाला, "इथेच राहते," आणि पाकीट घेतलं. मला आणून दिलं. वर तुझ्या अक्षरात पत्ता, आणि नाव, मिस व्ही. सबनीस.

मी ते पाकीट दोन दिवस उघडलं नाही. मला वाटलं, टोमणा आहे. उजेडासमोर धरून पाहिलं. आतला कागद छापील दिसला, तेव्हा म्हटलं, वकिलाचं काहीतरी. आज सकाळी उघडलं. आत माझ्याच तक्रारीची झेरॉक्स, क्लबने तुला दिलेली, खालची सही काळी केलेली. त्यावर तू लाल पेनाने एकच गोष्ट केलीस. जादा एन खोडलास. समासात लिहिलंस, 'एकच पुरे.' आणि खाली, 'रविवारी फोन मी उचलेन.'

काल रविवार होता, विवेक. मी पाकीट दोन दिवस उघडलं नाही म्हणून मला ते कळलं नाही, आणि मी फोनही केला नाही. ऋचा करते म्हणून वाट बघत बसले. तू तिकडे फोनशेजारी बसला असशील आणि तुला वाटलं असेल, आई हट्टाने करत नाहीये.

तसं नाही. हे पत्र बुधवारी पोचेल. येत्या रविवारी, पाच तारखेला, सकाळी दहाला मी फोन करते. पलीकडून कोण बोलतंय म्हणून विचारू नकोस.

तुझी आई,
वासंती